कादंबरी? कोणती?

मुलीचं नाव कसं हवं, याबद्दल आमच्या घरातल्या अटी अगदी साध्या होत्या. नाव वेगळं हवं, पण विचित्र नको. संस्कृत हवं, पण जुनाट नको. अर्थ खोल हवा, पण विचारणाऱ्याला जिन्यात उभ्या उभ्या सांगता यावा. अमेरिकेतल्या मावशीला उच्चारता यावं आणि गावाकडच्या मोठ्या आत्यांना ऐकू यावं. आजवर कोणाचंच नसावं, पण ऐकल्याबरोबर समोरच्याने ‘अरे वा!’ म्हणावं, म्हणजे त्याने ते आधी कुठेतरी ऐकलेलं असावं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नाव ‘का’वरून हवं.

‘का’ कुठून आला? पंचांगातून. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मृग नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली, आणि अवकहडा चक्रात मृगाच्या चार चरणांना वे, वो, का, की अशी अक्षरं वाटून दिलेली आहेत. तक्रारीला जागा नव्हती. पोरीने जगात यायला आणखी अर्धा दिवस लावला असता तर चंद्र आर्द्रात शिरला असता, आणि आर्द्राची अक्षरं आहेत कु, घ, ङ, छ. ‘ङ’वरून सुरू होणारी मुलगी निदान माझ्या पाहण्यात नाही. हस्ताच्या वाट्याला ‘ण’ आहे आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला ‘ञ’. हे चक्र ज्याने बसवलं त्याला स्वतःच्या घरी बारसं करायची वेळ आली नसावी.

‘का’च्या नावांसाठी घरात बैठक बसली.

“काव्या,” भावजय म्हणाली.

“नर्सरीत एक हाक मारली तर चार जणी येतील.”

“कावेरी?”

“नको. तिच्या पाण्यावरून दोन राज्यं कोर्टात गेली.”

“कालिंदी?”

“आपण यमुना म्हणून सांगणार, आणि लोक पोरीच्या रंगाकडे बघणार,” आई म्हणाली.

“कात्यायनी?”

“स्वतःचं नाव लिहून होईपर्यंत पेपरची वेळ संपेल.”

मी घसा साफ करून ‘कामायनी’ सुचवलं. जयशंकर प्रसादांचं १९३६ सालचं महाकाव्य, छायावादाचा कळस, श्रद्धा आणि मनू, असं बरंच काही सांगायची माझी तयारी होती.

“ती लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटते,” धाकटा म्हणाला. महाकाव्य तिथेच संपलं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं, एवढ्या एका भांडवलावर आमच्या घराण्यात मी पंडित आहे. लग्नपत्रिकेवरच्या श्लोकातला विसर्ग तपासायला माझ्याकडे येतो. गणपतीत अथर्वशीर्ष म्हणताना कोणी अडखळलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात आणि मी डोळे मिटून घेतो, त्याला लोक तल्लीनता समजतात. पांडित्य टिकवायचं असेल तर गप्प बसण्यासारखा उपाय नाही. पण त्या दिवशी तो चालणार नव्हता.

“कादंबरी,” मी म्हणालो.

“कोणती?” आईने विचारलं.

हा प्रश्न पुढे जन्मभर आमच्या पाठी लागणार होता, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

आम्हाला बी.ए.ला बाणभट्टाची ‘कादंबरी’ होती. म्हणजे सबंध नव्हे. सबंध नेमली असती तर कॉलेजात संस्कृतला विद्यार्थी उरला नसता. त्यातला ‘शुकनासोपदेश’ तेवढा होता. राजपुत्र चंद्रापीडाला युवराजपदाचा अभिषेक होण्याआधी मंत्री शुकनास त्याला समोर बसवून भला लांब उपदेश करतो, की बाबा रे, तारुण्य, लक्ष्मी आणि सत्ता डोक्यात जाऊ देऊ नकोस. तो मी गाईडमधून वाचला. त्या तिन्हींतली एकही गोष्ट आजतागायत माझ्या डोक्यात गेलेली नाही, तेव्हा गाईडमधूनसुद्धा उपदेश लागू पडतो म्हणायचा.

“छान आहे,” भावजय म्हणाली. “पण आधी गोष्ट सांगा, भाऊजी. नायिकेचं पुढे काय होतं ते कळल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही. सीता, द्रौपदी, दमयंती... सगळ्यांची नावं चांगलीच होती.”

मुद्दा बिनतोड होता. मी माळ्यावरून पुस्तक काढलं. सोबत मराठी भाषांतर होतं म्हणून बरं. रात्री जेवणं झाल्यावर वाचन सुरू झालं. श्रोते उत्सुक होते; बाण मात्र घाईत नव्हता. सातव्या शतकातला हा माणूस, हर्षवर्धनाच्या दरबारातला. त्याला लोकलही पकडायची नव्हती आणि कुकरची शिट्टीही मोजायची नव्हती. राजा शूद्रक होता, एवढं सांगायला तो जे वाक्य सुरू करतो त्यात विशेषणामागून विशेषण, उपमेमागून उपमा, समासाच्या पोटात समास, आणि क्रियापद कुठे दिसेना. बाळाचं दूध पिऊन झालं, ढेकर काढून झाला, लंगोट बदलून झाला. राजा अजून नुसता होता.

जर्मन पंडित वेबर बाणाच्या गद्याला अरण्य म्हणून गेला आहे. वाटसरूने आपली वाट आपण तोडायची, आणि एवढं करून अनोळखी शब्दांची श्वापदं दबा धरून बसलेली असतातच. आमच्या वडिलांना या अरण्यात बसल्या जागी झोप लागायची. “क्रियापद आलं की उठवा,” असं ते सांगून ठेवत.

“कादंबरी कधी येते?” आईने विचारलं.

“अजून पोपट आलाय.”

कारण या गोष्टीची रचनाच तशी आहे. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. पोपटाचं नाव वैशंपायन. तो स्वतःची कथा सांगू लागतो. त्या कथेत जाबालि ऋषी येतात, ते आश्रमात सगळ्यांना एक कथा सांगतात, ती पोपट राजाला सांगतो. ऋषींच्या कथेत चंद्रापीड हा उज्जयिनीचा राजपुत्र किन्नरांच्या जोडप्यामागे घोडा फेकतो, वाट चुकतो आणि अच्छोद सरोवरापाशी पोचतो. तिथे त्याला महाश्वेता भेटते. ती आपली कथा सांगते. ती ऋषी सांगतात, ते पोपट सांगतो, ते राजा ऐकतो, ते बाण सांगतो, ते भाषांतरकार सांगतात, ते मी वाचतो, ते ऐकत वडील झोपतात. असं सगळं झाल्यावर, पुस्तकाची भरपूर पानं उलटून गेल्यावर, महाश्वेतेची मैत्रीण म्हणून कादंबरी येते.

“नायिका असून इतक्या उशिरा?” भावजय म्हणाली.

“तयार होत असेल,” धाकटा म्हणाला. त्याला त्या दिवशी चहा मिळाला नाही.

पण आली ती अशी आली, की आईने जपमाळ बाजूला ठेवली. महाश्वेतेचा प्रियकर गेलेला, ती तप करत बसलेली; मैत्रीण दुःखात असताना मी लग्न करणार नाही, असं या कादंबरीने ठरवलेलं.

“गुणाची आहे गं,” आई म्हणाली. “मुलगा काय करतो?”

“युवराज आहे. उज्जयिनीचा.”

“नाव?”

“चंद्रापीड.”

“पीड? नको बाई. आधीच लग्नात काय कमी पीडा असते?”

आपीड म्हणजे मुकुटावरचा तुरा. चंद्र हाच ज्याचा तुरा तो चंद्रापीड, असं मी सांगितलं. शिवाय त्याच्या वडिलांचं नाव तारापीड. “म्हणजे पीडा घराण्यातच आहे,” असं म्हणून आईने विषय मिटवला.

आणि मग, नायिकेचा विरह ऐन रंगात आलेला असताना, बाणभट्ट वारले. गोष्ट अर्धवट राहिली. आमच्या हॉलमध्ये जी शांतता पसरली ती एखाद्या मालिकेची वेळ बदलल्यावर पसरते तशी होती.

“अगं बाई! लेखकच गेला? हे नाव नको. अपशकुन.”

“पण मुलाने पुरी केली,” मी घाईघाईने म्हणालो. “भूषणभट्टाने.”

याचा परिणाम मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला झाला. आमच्या इमारतीत शाळेचे प्रोजेक्ट आईबापच करतात. रात्री अकराला थर्माकोल कापणारे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले बाप मी स्वतः पाहिले आहेत. बापाचा प्रोजेक्ट पोराने पुरा केला, ही बातमी सगळ्यांना फारच भावली. “घराणं चांगलं,” असा निकाल लागला. शिवाय उत्तरार्धात चंद्रापीड मरतो तेव्हा कादंबरी त्याचा देह सांभाळत बसते, देह कुजत नाही, आणि शेवटी तिच्या मिठीत तो जिवंत होतो. तो मुळात साक्षात चंद्रच असतो. आईने डोळ्याला पदर लावला. सावित्रीच्या बरोबरीची नायिका, जावई चंद्र. नाव पक्कं झालं.

पक्कं झालेलं नाव आमच्याकडे फक्त बारशापर्यंत टिकवायचं असतं. तेवढ्यात अर्थ शोधायला माणसं निघाली.

भावजयीचे मामा एक्साइज खात्यातून निवृत्त झालेले. ते आले, सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “कादंबरी म्हणजे दारू ना?”

वडील जागे झाले.

“कदंबाच्या फुलांपासून गाळलेली,” मामा म्हणाले. “कोशात आहे. मी बघून आलोय.” निवृत्त झाले तरी माणसाचं लक्ष आपल्या खात्यावरच असतं.

आता माझ्या पांडित्याची कसोटी होती. मी सांगितलं की हे झाड कृष्णाचं. गोल चेंडूसारखी फुलं, पावसाळ्यात फुलतं, वृंदावनात त्याच्याखाली बासरी वाजते. मामा म्हणाले, बासरी असेल. पण पुराणात वारुणी त्याच वृंदावनात कदंबाच्या ढोलीत प्रकटली आणि बलराम तिच्या वासावर नेमके तिथे पोचले. मी म्हणालो, ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘कादंबरीप्रिया’ आहे. मामा म्हणाले, “म्हणजे देवीला काय प्रिय आहे, ते सांगा ना.”

मी गप्प झालो. मामांनी मग शेवटचा पत्ता टाकला.

“हिच्या आईचं नाव काय आहे बाणाच्या पुस्तकात?”

मला माहीत होतं. मी ते वाचताना पान उलटलं होतं. गंधर्वराज चित्ररथाची राणी, कादंबरीची आई, हिचं नाव आहे मदिरा.

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आजवर मला मिळालेल्या सगळ्या चहाचा हिशोब होता.

“कोशात इतरही अर्थ आहेत,” मी म्हणालो. आणि ते खरंच आहेत. कादंबरी म्हणजे सरस्वती. कादंबरी म्हणजे कोकिळा. कादंबरी म्हणजे मैना. आणखी एक अर्थ आहे, तो मी सांगणार नव्हतो, पण मामांनी सांगितला: माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून वाहणारा मद.

कोणत्याही घरात एका शब्दाचे इतके अर्थ टाकले की प्रत्येक जण आपल्या सोयीचा उचलतो. आईने सरस्वती घेतली. धाकट्याने कोकिळा घेतली, कारण पोरगी रात्री दोन वाजता जो सूर लावायची त्याला काहीतरी नाव देणं भाग होतं. त्यावर मामांनी निसर्गातली माहिती पुरवली की कुहू कुहू करतो तो नर असतो. मादी गात नाही, नुसती किक्‌किक्‌ करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

“म्हणजे पोर दुसऱ्याच्या घरी वाढवते?” आई.

“ते आम्ही भोगलंय,” विहीणबाई म्हणाल्या. बाळंतीण तीन महिने माहेरी राहून आली होती.

हत्तीचा मद कोणी उचलला नाही. पण पोरीचं वजन भराभर वाढायला लागल्यावर तो अधूनमधून आठवतो.

मदिरेचं प्रकरण मिटलं ते शेजारच्या आजींमुळे. “दारूचं नाव ठेवताय म्हणे?” असं त्या जिन्यात म्हणाल्या. त्यांच्या नातीचं नाव इरा. दोन अक्षरी, सुटसुटीत, अमेरिकेत चालणारं, सध्या पाळण्यापाळण्यात असलेलं. मी घरी येऊन अमरसिंहाचा अमरकोश काढला. मद्याची नावं जिथे ओळीने दिली आहेत तिथे ‘कादंबरी’ला अगदी खेटून बसली होती ‘इरा’. शेजारी ‘प्रसन्ना’ही होती. आता इराचे पृथ्वी, पाणी, वाणी असे पवित्र अर्थही आहेत, हे मला ठाऊक होतं. पण तेवढं सगळं जिन्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून मी फक्त अमरकोशाचं पान दाखवलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत दारूबंदी आहे.

बारशाच्या दिवशी आधी पाळण्यात वरवंटा घातला. त्याला झबलं, टोपडं, काजळाचा टिळा. मग त्याला बाजूला करून खऱ्या उमेदवाराला आणलं. ताई, म्हणजे आमची बहीण, आत्या या नात्याने मानकरी. कानाशी वाकली, नाव सांगितलं, आणि ‘कुर्रर्र’ झालं. गावाकडच्या मोठ्या आत्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“काय ठेवलं गं?”

“कादंबरी!”

“कांदेनवमीला झाली का?”

“कांदेनवमी नाही, मोठ्या आत्या. का-दं-ब-री!”

“हं, वाचायला चांगली असते वेळ जायला,” त्या म्हणाल्या आणि घुगऱ्यांकडे वळल्या.

इथे एक खुलासा केला पाहिजे. पूर्वी तुपासारखा जो डबा आला तो डालडा. मग तो कोणत्या का कंपनीचा असेना, वाणी म्हणायचा डालडा. बाणभट्टाचं तेच झालं. त्याने एका मुलीचं नाव पुस्तकाला दिलं, आणि बाराशे वर्षांनी मराठी माणसाला इंग्रजी धर्तीच्या लांबलचक गोष्टीला शब्द हवा होता, तेव्हा त्याने तिचं नाव सबंध जातीला देऊन टाकलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. सगळ्या कादंबऱ्या, आणि कादंबरी मात्र एकीतही नाही. कन्नडनेही हाच शब्द घेतला. हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. म्हणजे हीच मुलगी लखनौला जन्मली असती तर लोक ‘क्या प्यारा नाम है’ म्हणून पुढे गेले असते. आमच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी म्हणालेच, “तुम्ही लोक चांगले, पुस्तकाला छोकरीचं नाव देता. आमच्यात तर नवलकथा. छोकरीला नवल म्हणावं लागेल.”

मराठी मुलखात मात्र तिचं नाव सांगणं म्हणजे गप्पांना आमंत्रण. जन्माची नोंद करताना नाव ठरलेलं नसलं तरी कायद्याची हरकत नसते. १९६९च्या नोंदणी कायद्याखाली वर्षभर ते फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत पैसे भरून. आमचं काम फुकटातलं होतं, तरी वेळ गेलाच.

“नाव?” खिडकीमागून आवाज.

“कादंबरी.”

“कोणती?”

“मुलीचं नाव सांगतोय.”

“मग मुलीचंच सांगा. वाचनाचं नंतर बोलू.”

लसीकरणाच्या कार्डावर तर इंग्रजी स्पेलिंगमधून ती परत मराठीत आली ती ‘कदम बारी’ होऊन. नर्सबाईंनी कार्ड वरखाली करून पाहिलं. “आडनावं दोन झाली. मुलीचं नाव काय?”

डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये नंबर आला की आतून हाक येते, “कादंबरी!” आणि कोपऱ्यातले एखादे आजोबा हातातलं पुस्तक लपवतात, त्यांना वाटतं, वाचू नका म्हणतायत. भावजयीला फोन आले की पलीकडून विचारतात, “कादंबरी कशी आहे?” आणि ही सहज म्हणते, “रात्रभर झोपू दिलं नाही.” शेजारच्या खुर्चीतली बाई लगेच विचारते, “लेखक कोण?”

धाकट्याच्या ऑफिसातल्या एका विनोदी माणसाने अजून पहिली भेट झाली नसताना विचारलं, “काय, किती पानी?” तो विनोद त्याने नंतर प्रत्येक वाढदिवसाला केला. दुसरा एक कवी आहे. तो ‘क्रमशः’ म्हणतो. दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की ‘खंड दुसरा’ म्हणतो. धाकटा हसतो, कारण तो कवी त्याचा साहेब आहे.

वाढदिवसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न मात्र लोकांना कधी पडला नाही. पहिल्या वाढदिवसाला जे पाहुणे आले त्यांतल्या बहुतेकांना एकाच वेळी एकच कल्पना सुचली, आणि प्रत्येकाला ती फक्त आपल्यालाच सुचली असं वाटलं. कागद फाडताना ते आमच्या चेहऱ्याकडे बघत उभे. ‘मृत्युंजय’. आम्ही ‘अय्या!’ म्हणायचं. पुन्हा ‘मृत्युंजय’. पुन्हा ‘अय्या!’ मग ‘ययाति’, ‘स्वामी’, आणि पुन्हा एक ‘मृत्युंजय’. मुलगी तेव्हा पुस्तकं फक्त चावायची. शिवाजी सावंतांची ती जाडजूड प्रत तिला हिरड्यांसाठी उपयोगी पडली, हे सांगितलं पाहिजे. जिल्दीचे कोपरे अजून ओले दिसतात.

आणि एवढं सगळं करून घरात तिला हाक काय मारतात? ढब्बू. बाणभट्ट, भूषणभट्ट, अमरसिंह, वेबर, एक्साइज खातं, इतक्या लोकांना कामाला लावून शोधलेलं नाव रेशनकार्डावर गेलं, आणि पोरगी ढब्बू राहिली. कादंबरी अशी पूर्ण हाक फक्त तिने भिंतीवर पेन्सिल चालवली की ऐकू येते. त्यामुळे तिची स्वतःची बरेच दिवस अशी समजूत होती की कादंबरी म्हणजे ओरडणं.

आता ती शाळेत जाते. वर्गात आरोही आहेत, अन्वी आहेत, आर्या तर बाकापरत एक आहे. बाईंनी नावाचा अर्थ घरून विचारून यायला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे आली. मी पुस्तक काढलं, कदंबापासून सुरुवात केली. पोपट येईपर्यंत ती खेळायला गेली होती. दुसऱ्या दिवशी बाईंना तिने काय सांगितलं ते कळलं: “माझ्या नावाचा अर्थ खूप लांब आहे. तो काकाकडे असतो.”

गेल्या रविवारी तिला नवी बाहुली मिळाली. ती गंभीर चेहऱ्याने माझ्यापाशी आली. “काका, हिला नाव हवंय. एकदम वेगळं. आमच्या वर्गात कोणाचंच नाही असं.”

असं गिऱ्हाईक पंडिताला वारंवार मिळत नाही. मी बाणाचंच भांडार उघडलं. महाश्वेता सुचवली. “ही गोरी नाहीये,” ती म्हणाली. पत्रलेखा सुचवली, चंद्रापीडाची तांबूल देणारी, कुलूतच्या राजाची मुलगी, देखणं नाव. “पत्र म्हणजे?” तिने विचारलं. अंगावर चंदनाने काढलेली वेलबुट्टी, असं मी सांगायला घेतलं, तोवर धाकटा आतून ओरडला, “पोस्टातली आहे का?” मग मदलेखा, विलासवती, तरलिका. ती प्रत्येक नावाला नकारार्थी मान हलवत राहिली. तिच्या आईच्या घराण्याची सगळी चिकित्सा तिच्यात उतरली आहे.

शेवटी ती आजीकडे गेली. आजी भाजी निवडत होती.

“आजी, तुझं नाव काय?”

“कुसुम.”

“कुसुम...” तिने ते तोंडात घोळवून पाहिलं. “आमच्या वर्गात नाहीये. दुसऱ्या वर्गात पण नाहीये. कोणाचंच नाहीये!” आणि बाहुलीला डोक्यावर धरून ती घरभर नाचली. “वेगळं नाव! वेगळं नाव! कुसुम!”

आईला आपलं नाव कधीच आवडलेलं नव्हतं. तिच्या वर्गात पाच कुसुम होत्या, म्हणून तिला ‘कुसुम तिसरी’ म्हणायचे. पण आता तिने पाठ ताठ केली.

“काका, अर्थ सांग ना कुसुमचा,” ढब्बू म्हणाली.

मी चष्मा लावला. कुसुमाकर, कुसुमशर, कुसुमपूर, पाटलिपुत्राचं जुनं नाव, अशी माझी मांडणी मनात होत आली होती.

“कुसुम म्हणजे फूल,” आई म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली. “झालं. चष्मा काढ आणि ही निवड.”